स्वस्त वस्तूला हक्क नसतो का?

प्रश्न : दुकानातल्या सेलमधून १४९ रुपयांचा चार्जर घेतला. दुसऱ्याच दिवशी पिन वितळली. दुकानदार म्हणतो, ‘एवढ्या स्वस्तात गॅरंटी कसली?’

उत्तर : दुकानदाराला म्हणू द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ किंमत विचारत नाही, दोष विचारतो. बिलावर मुदत नसेल, तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही तसंच! चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आहे का, तेही पाहा. ते सक्तीचं आहे. आधी लेखी मागणी करा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद न मिळाल्यास तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. एवढ्या रकमेला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. वितळलेला चार्जर मात्र फेकू नका, तोच पुरावा आहे.