थट्टा: प्रेषितांच्या सभेतली आणि मोबाईलवरची

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक छोटी घटना आली आहे. काही सहाबा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासोबत प्रवासात होते. त्यांपैकी एकास झोप लागली. कोणीतरी जाऊन त्याच्याजवळची दोरी घेतली आणि तो दचकला. नुकसान काहीच झाले नव्हते. तरीही, एका मुस्लिमाने दुसऱ्या मुस्लिमास घाबरविणे वैध नाही, असे प्रेषितांनी (स.) तेथेच स्पष्ट केले.

यावरून दीन आणि हास्य यांचे पटत नाही असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. कपाळाला आठी म्हणजेच तक्वा, अशी त्यांची समजूत दिसते. इमाम तिर्मिजी यांनी मात्र आपल्या ‘शमाइल’मध्ये प्रेषितांच्या (स.) विनोदावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. एका मनुष्याने स्वारीसाठी जनावर मागितले, तेव्हा उंटिणीचे पिल्लू देतो, असे उत्तर त्याला मिळाले. पिल्लू घेऊन मी काय करू, असे तो गोंधळून म्हणाला. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले, की प्रत्येक उंट हा उंटिणीचेच पिल्लू नव्हे काय? या विनोदात एकही शब्द असत्य नाही. शिवाय ज्याची थट्टा झाली त्याचा गोंधळ दुसऱ्याच वाक्यात दूर झाला.

पुढच्या शतकांत हास्याचे ग्रंथ झाले. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिजने कंजुषांवर संपूर्ण पुस्तक लिहिले. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या’मध्ये थट्टेची गणना जिभेच्या आपत्तींत केली, पण त्यांचा आक्षेप अतिरेकाला आणि थट्टा हाच धंदा करण्याला होता. त्यानंतर बगदादचे कडक हंबली उपदेशक इब्नुल-जौजी (मृत्यू १२०१) यांनी मूर्खांच्या कथा संकलित केल्या. आपल्याला लाभलेल्या बुद्धीबद्दल अल्लाहचे आभार मानावेत, मूर्खपणाच्या कारणांपासून सावध राहावे आणि थकलेल्या मनाला विसावा मिळावा, अशी कारणे त्यांनी दिली. आपल्या घरांत मुलांना मुल्ला नसरुद्दीन ठाऊक आहे. त्याच्या गोष्टींत हसे बहुधा त्याचे स्वतःचेच होते.

आज बदल झाला आहे तो मुळातच. दोरीच्या घटनेत भीती हा बहुधा थट्टेचा अनपेक्षित परिणाम होता. ‘प्रँक’मध्ये भीती हाच विनोद असतो. झोपलेल्या दादीच्या अंगावर रबरी पाल टाकायची, तिची किंकाळी टिपायची आणि ती नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायची. किंवा अब्बांचा अपघात झाला, असा खोटा फोन अम्मीला करायचा. या दुसऱ्या प्रकारात भीतीबरोबर असत्यही आहे, आणि लोकांना हसविण्यासाठी खोटे बोलणाऱ्याविषयी हदीसमध्ये फार कठोर इशारा आला आहे.

“पण नंतर दादीसुद्धा हसली,” असे मुले सांगतात. दादी हसणारच, नातवंडांपुढे ती आणखी काय करील? त्या हसण्याने आधीची धडधड वैध ठरत नाही. आणि दोरीवाल्या सहाबींची भीती क्षणापुरती होती, दादीची मात्र प्रत्येक नव्या मोबाईलवर पुन्हा दाखविली जाते. सूरह अल्-हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टर उडविण्यास मनाई आहे, ती येथेही लागू होते.

म्हणून तौबा करताना दादीची क्षमा मागणे आवश्यक आहे. तो व्हिडिओ आपल्या मोबाईलमधून पुसावा, आणि ज्यांना पाठविला त्यांनाही पुसून टाकण्यास एकेकाला सांगावे.