सडकेवरची पाखरे

सकाळची वेळ असते. दख्खनच्या पठारावरील एखाद्या सडकेवरून एस. टी. भरधाव येत असते. डांबरावर उतरलेला होल्यांचा थवा गाडी अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही. मग एकदम पंखांचा फडफडाट होतो, थवा उडतो आणि गाडी पुढे जाताच पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. दोन्ही बाजूंना मोकळी शेते पसरलेली असताना ही पाखरे जिवावर उदार होऊन रस्त्यावरच का येतात? ‘पाखरेच ती, त्यांना काय कळते!’ असे कोणी सहज म्हणून जाईल. परंतु त्यांच्या येण्याला सबळ कारणे आहेत.

पक्ष्यांना दात नसतात. होला, तितर, चिमणी यांसारखे दाणे टिपणारे पक्षी अन्न चावू शकत नाहीत. त्यांच्या पोटात जाड स्नायूंची एक पिशवी असते, तिला पेषणी म्हणतात. पक्ष्याने गिळलेले बारीक खडे या पिशवीत साठतात आणि स्नायूंच्या हालचालीने दाणे त्या खड्यांमध्ये जात्याप्रमाणे भरडले जातात. घरी कोंबडी साफ करणाऱ्यांनी असे खडे पाहिलेले असतात. हे खडे झिजतात, म्हणून पक्ष्याला सतत नवे खडे शोधावे लागतात. चिकण काळ्या मातीच्या रानात ते सहजासहजी मिळत नाहीत. सडकेच्या कडेला मात्र खडी आणि वाळू विखुरलेली असते.

खड्यांच्या शेजारीच दाणाही सापडतो. धान्याच्या गाड्यांतून थोडेफार धान्य सांडते. शिवाय सुगीत अनेक ठिकाणी शेतकरी रस्त्यावरच धान्य वाळवतात. कर्नाटकात नाचणी आणि कुळीथ यांची कापलेली रोपे सडकेवर पसरण्याची पद्धत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली त्यांची आपोआप मळणी होते. अशा वेळी सडक हेच गावाचे खळे बनते, आणि खळ्यावर पाखरे यायचीच.

कच्च्या रस्त्यावरील मऊ धूळही पक्ष्यांना हवी असते. चिमण्या, चंडोल, तितर धुळीत लोळून ती पिसांत घोळवतात व मग झटकून टाकतात. त्यामुळे पिसांवरील जुना तेलकटपणा निघतो आणि अंगावरील बारीक कीटकांचा त्रास कमी होतो. चिमण्या धुळीत न्हाऊ लागल्या की पाऊस जवळ आला, अशी खेड्यांतील समजूत आहे. पण हे स्नान त्या ऐन उन्हाळ्यातही करतात.

काही पक्ष्यांना सडक शिकारीसाठी सोयीची वाटते. शेते बांधापर्यंत नांगरलेली असतात, तेव्हा गवताची पट्टी बहुधा रस्त्याच्या कडेलाच उरते आणि तिच्यात नाकतोडे, सरडे राहतात. तारेवर बसलेले नीलपंख आणि कोतवाल त्यांच्यावर नजर ठेवून असतात. चाकाखाली मेलेल्या प्राण्यांवर कावळे आणि घारी उतरतात.

येथेच पाखरांची गणना चुकते. लांडगा किंवा ससाणा किती अंतरावर आला की उडावे, हे पक्ष्याला उपजत उमगते. मोटारीचा वेग मात्र त्याच्या हिशेबात सहसा बसत नाही. फ्रान्समधील रस्त्यांवर केलेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की जेथे वेगमर्यादा जास्त, तेथे पक्षी अधिक लांबूनच उडतात; परंतु समोरून येणारी गाडी प्रत्यक्षात हळू आहे की जलद, याने त्यांच्या उडण्यात फरक पडत नाही. म्हणजे पक्षी रस्ता ओळखतो, गाडी नव्हे. तीस मीटरांवरून उडणाऱ्या पक्ष्याला ताशी 60 किलोमीटर वेगाच्या गाडीपुढे सुमारे पावणेदोन सेकंद मिळतात. वेग दुप्पट झाला, तर एक सेकंदही मिळत नाही.

सर्वांत बिकट स्थिती रातव्याची. अंधार पडल्यावर हा पक्षी उघड्या सडकेवर बसतो आणि वरून जाणाऱ्या किड्यांवर झेपावतो. दिवसभर तापलेले डांबर तेव्हाही ऊबदार असते. त्याचा रंग वाळलेल्या पाचोळ्यासारखा असल्यामुळे निश्चल बसून राहणे हेच त्याचे संरक्षण. कोल्ह्यापासून ते त्याला वाचवते. गाडीच्या दिव्यांच्या झोतातही तो तसाच बसून राहतो. चालकाला दूरवर फक्त लालसर चकाकणारे डोळे दिसतात. त्याने वेळीच वेग कमी केला, तर रातवा अखेरच्या क्षणी आवाज न करता उडतो आणि गाडी गेल्यावर बहुधा तेथेच परत येऊन बसतो.