नखी हातांत स्थिर कशी राहील?

आपल्या मंडळ्यांतून गायनास जी साथ होते ती बहुतेक ठिकाणीं पेटी, ढोलकी आणि टाळ यांचीच असते. परंतु तारेचीं वाद्येंहि अगदींच थोडीं नाहींत. एखाद्या मंडळींत जुनी सतार आहे, कोठें तुणतुणें आहे, आणि बुलबुलतरंग, ज्यास आपल्याकडील लोक 'बेंजो' म्हणतात, तें तर सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत लग्नाच्या वरातीपासून भजनापर्यंत सर्वत्र ऐकूं येतें. रे. नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. त्याच्या पुष्कळ अगोदरपासून ख्रिस्ती मंडळींत देशी चालींचीं भजनें रूढ करण्याचा त्यांचा उद्योग चालला होता. देशी चालीला तारेच्या वाद्याची साथ जशी शोभते तशी दुसऱ्या कशाची क्वचितच शोभेल, असें माझें मत आहे. म्हणून तार छेडणाऱ्या हाताविषयीं व त्या हातांतील नखीविषयीं येथें थोडें लिहितों.

सतारीची नखी पोलादी तारेची असून ती तर्जनींत घालतात. तिला मिजराब असेंहि म्हणतात. बुलबुलतरंगाची नखी चपटी, तीन कोनांची, प्लॅस्टिकची असते व ती अंगठा आणि तर्जनी यांमध्यें धरतात. तुणतुण्यास लांकडाची लहानशी काडी पुरते. तिन्ही ठिकाणीं अडचण मात्र एकच. गीत सुरू होतें, पहिलें कडवें नीट पार पडतें, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यास नखी हातांत फिरूं लागते. वादक ती दाबतो; ती आणखी फिरते. तो अधिक दाबतो. मनगट ताठ होतें, लय पुढें पळते, आणि अखेर नखी गळून पडते. (उपासना चालली असतां सतरंजीवर चाचपून नखी शोधणें हें किती संकोचाचें काम आहे तें ज्यांच्यावर प्रसंग आला आहे त्यांस सांगावयास नको.) मागें बसलेल्या ज्या म्हाताऱ्या बायकांस वाचतां येत नाहीं व ज्या केवळ तारेच्या सुरावर चाल धरून गातात, त्या गप्प होतात. असें दोनतीन रविवार झालें म्हणजे वादक म्हणतो, "माझ्या हातांत जोर नाहीं," आणि वाद्य खुंटीला लागतें.

वास्तविक त्याच्या हातांत जोर भरपूर असतो. जो मनुष्य आठवडाभर ऊंस तोडतो त्याला गुंजभर वजनाची नखी धरवत नाहीं, हें कसें संभवेल? नखी निसटते ती जोर कमी म्हणून नव्हे, तर तो चुकीच्या जागीं व अधिक लागतो म्हणून.

नखी फिरते कां, हें प्रथम पाहूं. तार नखीच्या टोंकास अडविते. बोटें तिला मागील बाजूस धरून असतात. या दोहोंमधील अंतर जितकें जास्त, तितकी नखीला पिळवटण्याची तारेची शक्ति जास्त. टिकाव अगदीं दांड्याच्या टोंकाशीं धरून दगडावर मारली तर ती हातांत फिरते, पात्याजवळ धरली तर फिरत नाहीं. गोष्ट तीच आहे. तेव्हां चपट्या नखीचें टोंक बोटांबाहेर ज्वारीच्या दाण्याएवढें दिसलें तर पुरे. नवशिके अर्धी नखी बाहेर ठेवतात व मग ती सांवरण्यासाठीं दांतओंठ खातात. दुसरें असें कीं, टोंक तारेखालीं खोल जातां कामा नये. विहिरींत घागर सोडावी तशी नखी तारांमध्यें बुडविली म्हणजे तार तिला धरून ठेवते. टोंकानें तारेला नुसतें चाटून पलीकडे गेलें पाहिजे. नखी किंचित् तिरपी धरली तर तिची कड तारेवरून घसरते व अडत नाहीं. सपाट धरली तर प्रत्येक आघातास धक्का बसतो.

आतां धरण्याची रीत. तर्जनी सहज वांकवावी, तिच्या पहिल्या पेराच्या बाजूवर नखी आडवी ठेवावी, आणि वरून अंगठ्याचा मांसल भाग टेकवावा. तपकिरीची चिमूट घेतल्याप्रमाणें दोन बोटांच्या टोंकांमध्यें ती धरूं नये, कारण तेथें टेकण्यास जागा थोडी असते. बाकीचीं तीन बोटें सैल असावीं. त्यांची मूठ वळूं नये व तीं ताठहि करूं नयेत. तळहाताची कड वाद्याच्या कांठावर हलकेच टेकली तर हात कोठें आहे हें न पाहतां समजतें.

किती घट्ट धरावें, हा खरा प्रश्न. आणि त्याचें उत्तर आपल्या शेतकरी बांधवांस वादकांपेक्षां अधिक चांगलें ठाऊक आहे. पाभरीमागें चाड्यावर मूठ धरणारा मनुष्य पाहा. मूठ आवळली तर बीं पडत नाहीं व तास मोकळें जातें. सैल सोडली तर एकाच जागीं ढीग होतो. तो मूठ ना आवळतो ना सोडतो, आणि चार तास बैलांमागें चालून त्याचा हात भरून येत नाहीं. नखीची पकड तीच आहे. परीक्षा करावयाची तर नखी धरून हात जोरानें झटकावा, ती पडतां कामा नये. मग सोबत्यास ती दोन बोटांनीं हळूच ओढावयास सांगावें, ती सहज निघून आली पाहिजे. या दोन्ही कसोट्यांस उतरली तर पकड ठीक आहे.

आवळून धरण्यापासून जो अपाय होतो तो केवळ बोटांपुरता राहत नाहीं. बोटें मिटणारे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातांत असतात. ते ताठले म्हणजे मनगटाची हालचाल बंद पडते आणि वादक सबंध हात कोपरापासून हलवूं लागतो. त्यामुळें आघात मोठा व खोल होतो, तार नखीला अधिक पकडते, आणि पकड आणखी आवळावी लागते. या चक्रांत सांपडलेल्या मनुष्यास सराव वाढविण्यास सांगणें म्हणजे लंगड्या बैलास अधिक पिटाळणें होय. अशा वेळीं थांबावें, हात खालीं सोडून द्यावा, आणि पुन्हां निम्म्या लयीनें आरंभ करावा. दोन आघातांमध्यें जी रिकामी जागा असते तिच्यांत बोटें क्षणभर सैल करण्याची संवय लागली म्हणजे दीर्घ गीतहि हात न भरतां वाजवितां येतें. बोटांस मुंग्या येऊं लागल्या किंवा दुखणें दुसऱ्या दिवशींहि राहिलें, तर वाजविणें कांहीं दिवस बंद ठेवावें. तरीहि न राहिल्यास वैद्यास हात दाखवावा.

सतारीची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथें नखी धरावयाची नसून घालावयाची असते. सतारीचें नांव निघालें म्हणजे मिरजेचें नांव निघालेंच पाहिजे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें तंतुवाद्यें बनविण्यास आरंभ केला. त्यांचे वंशज 'सतारमेकर' हेंच आडनांव लावूं लागले, आणि मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आपल्या दारींच हें एवढें कसब असून आमचा मनुष्य तेथें सतार घेण्यास जातो तेव्हां भोपळा ठोकून पाहतो, पडदे मोजतो, रंग निरखतो, आणि नखी मात्र दुकानदार देईल ती खिशांत टाकतो! पांचसात नख्या बोटांत घालून पाहिल्याशिवाय तेथून उठूं नये. प्रत्येकाचें बोट निराळें.

नखीचे दोन्ही वेढे तर्जनीच्या अग्राच्या मांसल भागास दोहों बाजूंनीं धरून बसले पाहिजेत व टोंक बोटाच्या सरळ रेषेंत पुढें राहिलें पाहिजे. नखी पहिल्या सांध्यावर सरकली तर बोट वांकत नाहीं. फार पुढें राहिली तर दोन आघातांत निघून येते. सैल असल्यास वेढे बोटांनीं किंवा पकडीनें हळूहळू जवळ दाबावे; एकदम दाबूं नयेत, कारण पोलादी तार पुन्हां पुन्हां वांकविल्यानें तुटते. वाजवून झाल्यावर बोटावर वळ दिसणें हें साहजिक आहे, पण बोटाचें टोंक पांढरें किंवा निळें पडत असेल तर नखी आंखूड आहे असें समजावें. नवशिक्यानें प्रथम एका बैठकींत दहापंधरा मिनिटांपेक्षां अधिक वेळ ती घालूं नये.

नखी बसली तरी हाताला आधार लागतो. उजव्या हाताचा कोपराजवळील भाग भोपळ्यावर टेकलेला असावा आणि अंगठा दांडीच्या कडेस एका जागीं रोवलेला असावा. अंगठा जागेवरून उठला कीं नखी तार चुकते, व चुकलेल्या आघातांतच ती फिरते. सतारींत 'दा' हा बोल तर्जनी आंत, आपल्याकडे ओढून निघतो, व 'रा' बाहेर लोटून. सरोदांत याच्या उलट 'दा' खालीं मारून काढतात. नखी ढिली पडते ती बहुधा 'रा'च्या वेळीं, म्हणून सरावांत 'रा' एकट्याचाच पुष्कळ वेळ काढावा, जरी त्यांत गोडी कांहीं नाहीं. आणखी एक बारीक गोष्ट: तारा ओढण्यास सोपें जावें म्हणून सतारिये डाव्या हाताच्या बोटांस तेल लावतात. तें तेल उजव्या तर्जनीस लागूं देऊं नये. डाव्या हातानें नखी घालण्याची ज्यास संवय आहे त्यानें आधी नखी घालावी, मग तेल लावावें.

तुणतुण्याविषयीं फार लिहावयास नको, कारण त्याचे उस्ताद आपल्या भोंवतीं आहेत. वाळवें तालुक्यांतील ज्या रेठरे हरणाक्ष गांवीं पठ्ठे बापूराव १८६६ सालीं जन्मले, त्या सर्व मुलुखांत तमाशाचे फड पिढ्यान् पिढ्या फिरत आले. तमाशाचें नांव निघतांच आपल्यांतील वडील मंडळी नाक मुरडतात, व त्यास कारणेंहि होतीं; परंतु रात्रभर उभ्यानें एकच तार छेडून पहांटे ज्याचा हात थकलेला नसतो, त्या झीलकऱ्याचें मनगट पाहून शिकण्यास कोणाची हरकत असावी असें वाटत नाहीं. त्याची काडी बोटांत नुसती टेकलेली असते. हालतें तें मनगट.

ऋतूचाहि विचार करावा लागतो. चैत्र-वैशाखांत सांगलीकडे बोटें घामानें भिजतात व थोडीं सुजतात. त्याच बोटांत नाताळच्या पहांटे, साताऱ्याच्या थंडींत, तीच सतारीची नखी ढिली होते, कारण थंडीनें बोट आक्रसतें. याकरितां सतारवाल्यानें एक बसती व एक किंचित् आंखूड, अशा दोन नख्या बाळगाव्या आणि थंडीच्या दिवसांत उपासनेपूर्वीं हात चोळून ऊन करावे. घामास उपाय म्हणून वाजविण्यापूर्वीं हात धुवून पूर्ण कोरडे करावे, कोरडा पंचा मांडीवर ठेवावा. चपटी नखी गुळगुळीत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंवर सुईनें आडव्याउभ्या रेघा ओढाव्या, किंवा दवाखान्यांत जखमेवर लावतात त्या कापडी चिकटपट्टीचा तुकडा चिकटवावा. मिरजेच्या लोकांस तो मिळण्यास अडचण पडूं नये! कित्येक जण नखीच्या मध्यावर बारीक भोंक पाडतात. अंगठ्याचें मांस त्यांत किंचित् शिरतें व नखी सरकत नाहीं. हे सर्व उपाय चांगले आहेत, पण ते पकड सुधारल्यानंतरचे आहेत. आवळणाऱ्या हातांतून रेघा ओढलेली नखीहि फिरतेच.

बुलबुलतरंगवाल्यांसाठीं एक विशेष सांगावयाचें. हें वाद्य नागोया शहरीं मोरिता गोरो यांनीं १९१२ सालीं बनविलेल्या जपानी वाद्यापासून निघालें. त्यांत सुराच्या तारा एकापेक्षां अधिक असून त्यांवरून एकदम नखी फिरवावयाची असते. म्हणून पकडीची परीक्षा येथें सर्वांत कडक होते. डाव्या हातानें कळा न दाबतां, केवळ उजव्या हातानें, भजनी ठेक्याच्या आठ मात्रा तोंडानें मोजीत एक मात्रेस एक आघात असा पांच मिनिटें रोज काढावा. आघात सारख्या आवाजाचे होऊं लागले म्हणजे मगच मात्रेस दोन करावे. कळा शिकण्याची घाई असते हें खरें, परंतु उपदेशकांनीं शिकणाऱ्या मुलांस पहिला आठवडा तरी कळांस हात लावूं देऊं नये.

विकतची नखी हरवली व गांवांत दुकान नाहीं, अशा वेळीं नारळाची करवंटी उपयोगी पडते. सरोदिये आपली नखी, जिला ते जवा म्हणतात, करवंटीचीच करीत आले आहेत. जून, कोरड्या करवंटीचा रुपयाएवढा तुकडा काढून आंतबाहेर दगडावर घांसावा, पातळ होईपर्यंत. मग त्यास तीन कोन देऊन टोंक गोलसर करावें व कडा कांचकागदानें साफ कराव्या, नाहींतर त्या तार कापतात. बोटाच्या बाजू मुद्दाम खडबडीत ठेवाव्या. अशा दोनतीन करून गीतपुस्तकाच्या पुठ्ठ्यांत घालून ठेविल्या म्हणजे गीत चालू असतां एक पडली तरी दुसरी हातीं येते आणि कडवें थांबत नाहीं.