देणाऱ्याच्या खुर्चीत बसण्याआधी

अगं, कंपनीच्या देणगी समितीवर तुला घेतलं, हे ऐकून फार बरं वाटलं. कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या कलाउपक्रमांना पैसे द्यायचे, तेही ह्यूस्टनमध्ये राहून! मग पहिल्या बैठकीआधी थर्ड वॉर्ड या तिथल्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत जाऊन 'प्रोजेक्ट रो हाउसेस' बघून ये. दात्याच्या तोऱ्यात मात्र जाऊ नकोस. आपल्या दलित पँथरनं 1972 मध्ये नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच, तेव्हा कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही.

तिथं ओळीनं अरुंद लाकडी घरं दिसतील. पुढं छोटा व्हरांडा, आत खोलीमागे खोली, पुढच्या दारात उभं राहिलं की नजर थेट मागच्या दारापर्यंत जाते. अशी 22 घरं ओस पडली होती. 1993 मध्ये रिक लो आणि आणखी सहा कृष्णवर्णीय कलाकारांनी ती वाचवायचं मनावर घेतलं. त्याच भागातल्या टेक्सस सदर्न विद्यापीठात शिकवणारे चित्रकार जॉन बिगर्स यांनी अशी घरं आपल्या चित्रांत आणली होती, तीच या कलाकारांची प्रेरणा. इतरांना जिथं दारिद्र्य दिसायचं, तिथं बिगर्सना शेजारधर्म दिसला. पुढं काही घरांत कलाकारांनी आपली कामं मांडली, तर काही शिकणाऱ्या एकट्या तरुण आयांना राहायला दिली. कलेचं अनुदान आणि तान्हं बाळ एकाच अंगणात! हे अर्जाच्या कुठल्या रकान्यात बसवशील? म्हणून सांगते, रकान्यांवर फार जाऊ नकोस.

पैसे देणाऱ्यांना उद्घाटन आवडतं, रंगवलेली भिंत आवडते. वीजबिल, विमा, गळकं छप्पर, हिशेब ठेवणाऱ्या बाईंचा पगार यांना हात लावायला कोणी तयार नसतं. तू नेमकं तेच दे, आणि एका वर्षापुरतं नको. फोर्ड फाउंडेशननं 2016 मध्ये 'बिल्ड' नावाचा अनुदान उपक्रम सुरू केला, त्यात संस्थांना पाच वर्षांची मदत आणि ती आपल्या गरजेप्रमाणे वापरायची मोकळीक होती. समितीत कोणी कुरकुरलं तर हे पुढं कर. वस्तीतल्या कुणाला सल्ल्यासाठी बोलावलंत तर मानधन द्या. बाहेरच्या सल्लागाराला देता, मग त्यांचा वेळ फुकटचा आहे का?

खरी मेख जागेत आहे बरं. कलेमुळं वस्तीचं नाव होतं, बाहेरच्यांचा डोळा तिच्यावर जातो, भाडी चढतात आणि ज्यांच्यासाठी एवढं मांडलं तेच उठून जातात. मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं. म्हणूनच रो हाउसेसच्या मंडळींनी 2003 मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी वेगळी संस्था काढली. त्यामुळं कुणाचाही अर्ज आला की आधी विचार, जागा कोणाच्या नावावर आहे, भाडेकरार किती वर्षांचा आहे, आणि जागा विकत घ्यायला आपले पैसे चालतील का. तुमच्या नियमात ते बसत नसेल, तर पहिल्याच बैठकीत नियम बदलायचा विषय काढ. एकटीनं बोलायला जड जाईल, म्हणून आधी समितीतल्या एखाद्या जुन्या बाईंना विश्वासात घे. आणि अर्ज हातात आले की मला फोन कर, आकडे दोघी मिळून बघू.