लसीचा फ्रिज रात्री काय करतो?

आमच्या दवाखान्यातील फ्रिजच्या कडीला एक वही बांधलेली आहे. रोज सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सहाला आमचे कंपाउंडर फ्रिजमधील थर्मामीटर पाहून त्यात आकडा लिहितात. ५, ६, ४, ५, ७. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायच्या असतात. त्यामुळे ही वही पाहून मी वर्षानुवर्षे निश्चिंत होतो. गेल्या जानेवारीत मात्र या वहीचा आणि माझा दोघांचाही गैरसमज दूर झाला. तो कसा, हे वाचकांना सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी लहान मूल असेल आणि काहींच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनही असेल.

झाले असे की, मी एक डेटा लॉगर विकत आणला. हे खिशात मावेल एवढे, बॅटरीवर चालणारे यंत्र असते. थर्मामीटर फक्त ‘आत्ता’चे तापमान दाखवतो. लॉगर ठराविक वेळाने तापमान मोजतो आणि तारीख-वेळेसह ते लक्षात ठेवतो. मी दर १० मिनिटांनी नोंद होईल असे ठरवून दिले. म्हणजे दिवसाला १४४ आणि आठवड्याला १००८ नोंदी झाल्या. वहीत याच काळात १४ होतात! काही लॉगरना दुसरीही एक तार जोडता येते. तिच्या टोकाला चोरघंटीच्या दारावर असतो तसा लोहचुंबकाचा खटका बसवला की फ्रिजचे दार केव्हा उघडले, केव्हा लागले, याचीही नोंद होते.

यंत्र आणून नुसते फ्रिजमध्ये टाकले असे करून चालत नाही. आधी त्याची परीक्षा घ्यावी. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एकत्र करून तारेचे टोक त्यात बुडवावे. थोड्या वेळाने ० अंश, फार तर अर्धा अंश इकडे-तिकडे दिसले पाहिजे. जास्त फरक असेल तर यंत्र परत करावे. मग घड्याळ लावून घ्यावे, कारण वेळ चुकली तर सारी नोंद वाया जाते. तारेचे टोक उघड्या हवेत न ठेवता ग्लिसरीन भरलेल्या लहान बाटलीत ठेवावे. दार उघडताच आतली हवा झटकन गरम होते, पण बाटलीतील लस तेवढी लवकर तापत नाही. आपल्याला हवेशी कर्तव्य नाही, लसीशी आहे. ही बाटली लसींच्या शेजारीच ठेवावी. आमच्याकडे लसी सर्वात वरच्या फळीवर, बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली असत. मीही बाटली तिथेच ठेवली.

आठव्या दिवशी लॉगर संगणकाला जोडून आलेख काढला. करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली जाणारी रेघ दिसली. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याची ती खूण असते. दार दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडत होते, आणि त्यातील निम्मे प्यायच्या गार पाण्यासाठी! (ते पाणी आता माठात गेले आहे.) एका दुपारी तीन तास वीज नव्हती, तेव्हा रेघ सावकाश चढत ९ अंशांवर गेली होती. मला भीती याचीच होती. परंतु माझी नजर अडली ती रात्रीवर. सातपैकी चार रात्री, साधारण अडीच ते साडेपाचच्या दरम्यान, तापमान शून्याखाली गेले होते. एका पहाटे तर उणे २ अंश! सकाळी सहाच्या सुमारास आमच्या भागातील वीज दीड-दोन तास जाते. त्यानंतर झाडलोट करणाऱ्या मावशी पाण्याच्या बाटल्या भरायला दार उघडतात. कंपाउंडर थर्मामीटर पाहीपर्यंत आकडा ४-५ वर आलेला असे. त्यांनी एकही नोंद खोटी केलेली नव्हती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मे महिन्यात विजेच्या लपंडावामुळे मीच फ्रिजचे बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवले होते आणि थंडी सुरू झाल्यावर ते मागे घेण्याचे विसरलो होतो. दिवसा दार सतत उघडत असल्याने ते खपून जाई. रात्री मात्र दार बंद आणि बाहेर गारठा.

लस उष्णतेने बिघडते हे सर्वांना ठाऊक असते. गोठल्याने बिघडते हे फारसे कोणी सांगत नाही. तोंडातून द्यायची पोलिओची लस उष्णतेला फार नाजूक असते, आणि ती तर मोठ्या भांडारात गोठवूनच ठेवतात. परंतु हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट, त्रिगुणी, धनुर्वात-घटसर्पाची लस या गोठल्या की संपल्या. यांत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात आणि लसीचा गुण त्यांना चिकटून असतो. गोठताना या कणांच्या गुठळ्या होतात. नंतर लस पुन्हा पातळ झाली, तरी गुठळ्या पूर्ववत होत नाहीत. हिपॅटायटिस-बीची लस उणे अर्ध्या अंशालाच गोठू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाप्रमाणे बनवलेल्या नोंदयंत्रात धोक्याची खूण उठण्यासाठी ८ अंशांच्या वर सलग १० तास लागतात, तर उणे अर्ध्या अंशाखाली फक्त ६० मिनिटे पुरतात. कोणता धोका मोठा, हे या दोन आकड्यांतच दिसते. सरकारी लसींच्या बाटलीवर वर्तुळात एक चौकोन असतो. तो वर्तुळाइतका गडद झाला की लस फेकतात. परंतु तो चौकोन उष्णताच सांगतो, गोठणे सांगत नाही.

माझ्या लसी खरोखर गोठल्या होत्या काय? यासाठी एक सोपी चाचणी आहे. हिपॅटायटिस-बीची एक बाटली मी मुद्दाम रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठवली व नंतर वितळू दिली. वरच्या फळीवरची त्याच कंपनीची, त्याच बॅचची दुसरी बाटली घेतली. दोन्ही एकत्र हलवून टेबलावर ठेवल्या. चांगली लस बराच वेळ एकसारखी गढूळ राहते, गोठून गेलेलीचा साका लवकर तळाला बसतो. आमच्या दोन्ही बाटल्यांचा साका बरोबरीने खाली बसला.

त्या फळीवरच्या गोठण्याने बिघडणाऱ्या सर्व लसी मी नष्ट केल्या. पैशाचे नुकसान झाले, पण तो भाग सोपा होता. प्रश्न होता तो आधी टोचलेल्या मुलांचा. लॉगर जानेवारीत आला. डिसेंबरातील रात्रींची नोंद कोणाकडेच नव्हती. तेव्हा थंडी सुरू झाल्यापासून या लसी ज्यांना दिल्या, त्या सर्वांची नावे रजिस्टरातून काढली. एकवीस मुले निघाली. प्रत्येक घरी मी स्वतः फोन केला. असा डोस मोजायचा नसतो, पुन्हा द्यावा लागतो. पुन्हा दिल्याने अपाय होत नाही, न दिल्यास मूल संरक्षणाविना राहू शकते.

एक वडील बरेच चिडले. “म्हणजे डॉक्टर, मागच्या वेळी तुम्ही पाणी टोचलंत का?” मी म्हटले, “तसे झालेले असू शकते, म्हणूनच बोलावले.” ते काही वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मुलीची बाही वर केली. अठरा मुले आमच्याकडे आली, दोघांना त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्रात डोस मिळाला. एका कुटुंबाने गाव सोडले आहे. त्यांचा फोन लागत नाही.

आरोग्य केंद्रावरून आठवले. ‘सरकारी लस नको, पैसे देऊन चांगली टोचा’ असे म्हणणारे पालक मला नेहमी भेटतात. आरोग्य केंद्रात लसींसाठी वेगळा, भिंतींत बर्फाचे अस्तर असलेला फ्रिज असतो. वीज गेली तरी तो बराच वेळ गार राहतो. शिवाय ‘ईविन’ या देशव्यापी व्यवस्थेत अशा फ्रिजना लॉगर जोडलेले असून तापमान बिघडल्याचा संदेश मोबाईलवर जातो. माझ्यासारख्या खाजगी डॉक्टरकडे बहुधा घरगुती फ्रिजच असतो. तेव्हा डॉक्टरांना तापमानाची नोंद दाखवायला सांगण्यात संकोच करू नका.

औषधाच्या दुकानातून लस आणायची झाल्यास ती बर्फाला टेकवून आणू नये. बर्फाची पिशवी फ्रीजरमधून काढून तिला घाम येईपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवावी. मगच लस कागदात गुंडाळून सोबत ठेवावी. इन्सुलिनचेही असेच आहे. ते बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून न ठेवता दाराच्या कप्प्यात ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसले तरी वापरू नये. फ्रिज नसेल तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून ते माठाच्या गारव्याला ठेवले तरी चालते.

आमच्या फ्रिजचे बटण आता मधल्या आकड्यावर असून त्यावर चिकटपट्टी लावली आहे. लसी मधल्या फळीवर आल्या आहेत. वही अजून आहेच, पण सोमवारी सकाळी पहिला रुग्ण आत बोलावण्यापूर्वी मी मागच्या सात रात्री पाहून घेतो.