गोड गोळी आणि खरी साखर

सोलापूरच्या साखर पेठेत मामा राहतात. ते यंत्रमागावर टॉवेल विणतात. पेठेचे नाव साखर, जिल्हा साखर कारखान्यांचा, आणि मामांना मात्र साखर वर्ज्य! तीन वर्षांमागे त्यांना मधुमेह झाला. आपण त्यालाच 'शुगर' म्हणतो.

मामांना बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना. म्हणून मुलाने गोड गोळ्यांची डबी आणली. एक बारीक गोळी टाकली की कपभर चहा गोड.

एके दिवशी कामाची घाई होती. मामांनी औषध घेतले आणि न्याहारी न करताच कामावर गेले. अकराच्या सुमारास हात थरथरू लागले. दरदरून घाम सुटला. शेजारच्या मागावरचा गडी धावला. "मामाची शुगर लई कमी झाली वाटतं. काहीतरी गोड द्या रे!" मामांच्या पिशवीत ती डबी होती. त्याने दोन गोळ्या चहात टाकून पाजल्या. चहा गोड झाला, पण मामा सावरेनात. उलट बरळू लागले.

कांड्या भरणारी आक्का ओरडली, "अरे, ती गोळी गोड हाय, पण साखर न्हाई! खरी साखर आणा." तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत मामांना तरतरी आली. मग त्यांना भाकरी खायला घातली.

संध्याकाळी मामा-मामी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "आक्काने जीव वाचवला. औषध घेऊन उपाशी राहू नका. गोड गोळी जिभेला फसवते, रक्ताला नाही. रक्तात साखर वाढवायला साखरच लागते. आणि माणूस बेशुद्ध असला तर तोंडात काही घालू नका. ठसका लागून जीव जाईल. थेट दवाखान्यात आणा."

मामी म्हणाल्या, "पण डॉक्टरसाहेब, ह्या गोळीनं कॅन्सर होतो म्हणतात."

डॉक्टर हसले. "ही भीती जुनी आहे. 1879 साली अमेरिकेत एक रसायनशास्त्रज्ञ हात न धुता जेवायला बसला. भाकरी गोड लागली! ते होते सॅकरीन. साखरेपेक्षा सुमारे तीनशे पट गोड. पुढे 1970 नंतर, भरपूर सॅकरीन खाऊ घातलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या. लोक घाबरले. पण तो प्रकार उंदरांच्या लघवीच्या गुणामुळे होता, माणसाला तो लागू पडत नाही, असे नंतर कळले. 2000 साली अमेरिकेने डबीवरची धोक्याची सूचना काढली."

"आणि ही आमची गोळी?"

"वाचा बरं, मामा." मामा आता रात्रीच्या वर्गाला जातात. त्यांनी अक्षर लावून वाचले, "ॲस-पार-टेम."

"बरोबर. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ह्याला 'कदाचित कर्करोगकारक' म्हटले. म्हणजे शंका आहे, पुरावा तोकडा आहे. त्याच वेळी दुसऱ्या समितीने तपासून जुनीच मर्यादा कायम ठेवली. वजनाच्या दर किलोला दिवसाला 40 मिलिग्रॅम. तुमचे वजन 50 किलो, म्हणजे 2000 मिलिग्रॅम. चहातल्या दोन-चार गोळ्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. फेनिलकीटोन्युरिया नावाचा एक विरळा जन्मजात आजार असतो. तो ज्याला आहे, त्याने मात्र ही घेऊ नये. लहान पोरांनाही देऊ नका."

मामी म्हणाल्या, "मग मीही घेते. अंग लई सुटलंय माझं."

"नको. नुसते वजन उतरवायला ह्या गोळ्या घेऊ नका, असा सल्ला त्याच संघटनेने 2023 मध्ये दिला आहे. लांब पल्ल्यात त्याने वजन उतरत नाही."

"आणि गूळ? गूळ तर चालतो की!"

हा गैरसमज घरोघरी आहे. डॉक्टर म्हणाले, "गुळानेही रक्तातली साखर वाढते, मामी. मिठाईच्या पुड्यावर 'साखरमुक्त' लिहिलेले असते, पण आत मैदा अन् खवा असतोच. आणि ही गोळी औषध नव्हे. ती घेतो म्हणून खरे औषध सोडाल, तर पायाची जखमही भरणार नाही."

दुसऱ्या दिवशी मामींनी कागदात साखर बांधली. मामांनी पेन्सिलीने पुडीवर मोठ्या अक्षरात लिहिले, 'खरी साखर'. पुडी पिशवीच्या वरच्या खिशात ठेवली. जाताना ती कुठे आहे, हे त्यांनी शेजारच्या मागावरच्या गड्यालाही दाखवून ठेवले.