दृष्टिवैषम्य आणि बंदुकीचा नेम

‘शिस्त’ हा शब्द कानी पडताच शाळेतील मुलांच्या डोळ्यांपुढे प्रार्थनेची सरळ रांग येते, आणि रांगेच्या टोकाशी उभे असलेले आमच्यासारखे कोणी तरी. वस्तुतः हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ ‘नेम’ असा आहे. शिस्त धरणे म्हणजे डोळा, बंदूक आणि लक्ष्य ही एका रेषेत आणणे. त्यासाठी नळीच्या टोकावर जो लहानसा उंचवटा असतो त्यास ‘माशी’ म्हणतात. (आमच्या मातृभाषेत, कोकणीत, माशीला ‘मूस’ म्हणतात, पण भोपाळच्या मुलांना तो शब्द सांगितला की त्यांना हिंदीतला उंदीर आठवतो. तेव्हा येथे माशीच बरी.) राष्ट्रीय छात्रसेनेतील मुलामुलींना ही माशी ‘फोरसाइट’ या नावाने ठाऊक आहे आणि डोळ्याजवळची खाच किंवा छिद्र ‘बॅकसाइट’ या नावाने.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. रायफल हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे, आणि प्रकाशशास्त्र तर आम्ही शाळा सोडली त्या दिवशीच सोडले होते. तरीही हा लेख लिहिण्यास कारण असे की, ज्याचा नेम चुकतो त्यास आपण फार लवकर भित्रा ठरवून मोकळे होतो. हात कापतो, मन थाऱ्यावर नाही, श्वास आवरत नाही, असे निवाडे एका क्षणात दिले जातात. पुष्कळदा ते खरेही असतात. परंतु डोळ्याचा एक दोष असा आहे की, त्याचे चिन्ह लक्ष्याच्या कागदावर जवळजवळ तसेच उमटते. त्या दोषाचे नाव दृष्टिवैषम्य. चष्मेवाले त्यास ‘ॲस्टिग्मॅटिझम’ म्हणतात आणि चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ व ‘ॲक्सिस’ या दोन रकान्यांत त्याची नोंद करतात.

भोपाळच्या विद्यार्थ्यांना नेमबाजी ही काही दूरची गोष्ट नाही. गोरा गावी मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमी आहे. मार्च २०२३ मध्ये रायफल व पिस्तूल यांची विश्वचषक स्पर्धा तेथेच भरली होती, आणि पॅरिस ऑलिंपिकसाठी २०२४ साली ज्या निवडचाचण्या झाल्या त्यांपैकी अखेरच्या दोन मे महिन्यात भोपाळातच पार पडल्या. त्या चाचण्यांतून निवडला गेलेला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय होय. त्या स्पर्धेत ५० मीटरांवर जे दहा गुणांचे वर्तुळ असते त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे टपोऱ्या हरभऱ्याएवढा, आणि तेथे मोठे करून दाखवणारी दुर्बीण रायफलीवर लावण्यास परवानगी नाही. जे काही पाहावयाचे ते डोळ्यानेच.

आता डोळ्यापुढे नेमके काय काम असते ते पाहू. मागची खाच हातभर अंतरावर नसते, त्याहूनही जवळ असते. माशी हातभर अंतरावर असते. लक्ष्य दूर असते. एकाच वेळी तिन्ही अंतरांवर दृष्टी स्वच्छ बसणे मानवी डोळ्यास शक्य नाही. म्हणून जाणते लोक सांगतात की, दृष्टी माशीवर ठेवा. खाच आणि लक्ष्य थोडे अंधुक दिसले तरी चालेल. खाचेची रायफल असेल तर माशीचे डोके खाचेच्या दोन्ही खांद्यांशी समपातळीत हवे आणि तिच्या दोन्ही बाजूंस सारखाच उजेड दिसावयास हवा. पहिली गोष्ट गोळीची उंची ठरवते, दुसरी डावे-उजवे ठरवते. हे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सर्व विषय त्यावर उभा आहे.

यात चूक किती महाग पडते, त्याचा हिशेब सातवीचा विद्यार्थीही त्रैराशिकाने करील. खाच आणि माशी यांत ६० सेंटिमीटर अंतर आहे असे समजा. माशी जागेपासून केवळ अर्धा मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरांवर गोळी सुमारे २१ मिलिमीटर सरकेल. अर्धा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या रेघेची जाडी.

निर्दोष डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याची, म्हणजे स्वच्छमंडलाची, वक्रता सर्व दिशांना सारखी असते. क्रिकेटच्या चेंडूचा एक काप काढावा तशी. प्रकाशकिरण वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हाच भाग करतो. दृष्टिवैषम्य असलेल्या डोळ्यात मात्र तो चमच्याच्या पाठीसारखा असतो. चमच्याच्या पाठीवरून बोट लांबीच्या दिशेने फिरवले तर बाक कमी लागतो, आडवे फिरवले तर जास्त. अशा भिंगातून आलेले किरण एका बिंदूत मिळत नाहीत. अधिक बाकाच्या दिशेतील किरण अलीकडे एकत्र येतात, कमी बाकाच्या दिशेतील पलीकडे. परिणामी बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता रेघ होते.

हे प्रथम स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून मांडले ते इंग्लंडच्या टॉमस यंगने, १८०१ साली. दोष स्वच्छमंडलाचा की आतील भिंगाचा हे ठरवण्यासाठी त्याने डोळा पाण्याला लावून स्वच्छमंडलाचा परिणाम नाहीसा केला, आणि तरीही दोष उरतो असे पाहिले. त्याचा दोष आतील भिंगाचा होता. उपाय मात्र १८२५ साली जॉर्ज एअरी या तरुण गणितज्ञाने काढला. त्याच्या डाव्या डोळ्यास प्रकाशाचा बिंदू रेघेसारखा दिसे. त्या रेघेची दिशा व अंतरे मोजून त्याने एका दिशेलाच बाक असलेले, म्हणजे दंडगोलाकार, भिंग इप्सविचच्या कारागिराकडून घडवून घेतले. चिठ्ठीवरील ‘सिलिंडर’ तो हाच. एअरीचे नाव आमच्या प्रदेशाशीही एका वेगळ्या वाटेने जोडले गेले आहे. विदिशा जिल्ह्यातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे मुख्य वेधस्थान. तेथील आणि उत्तरेकडील कल्याणा येथील मोजणीत सुमारे सव्वापाच विकलांची तफावत आली होती. त्या कोड्याचा विचार करताना एअरीने १८५५ साली पर्वतांना खाली खोल मुळे असतात ही कल्पना मांडली. असो.

मूळ मुद्दा असा की, दृष्टिवैषम्याची अंधुकता ही धुक्यासारखी सर्वत्र सारखी पसरत नाही. तिला दिशा असते. तरुण वयात बहुधा उभ्या दिशेचा बाक अधिक असतो. अशा डोळ्यास लघुदृष्टीच्या जोडीने हा दोष असेल तर प्रत्येक बिंदू वरखाली ताणला जातो. मग उभी रेघ ताणली तरी ती उभीच राहते, म्हणून ठळक दिसते. आडवी रेघ मात्र वरखाली पसरून फिकट होते. आता माशीकडे पाहा. तिच्या दोन्ही कडा उभ्या, म्हणून स्वच्छ. तिचे डोके आडवे, म्हणून पुसट. डावे-उजवे नीट साधते, उंची साधत नाही. डोक्याची कड काळ्यातून करड्यात आणि करड्यातून उजेडात विरघळत जाते, आणि त्यातील ‘खरी कड’ कोणती हे नेमबाज दर वेळी निराळे ठरवतो. बाक आडवा अधिक असेल तर याच्या उलट घडते, आणि तिरपा असेल तर गोळ्याही तिरप्या ओळीत पसरतात.

तरुण डोळा ताण देऊन दृष्टी जवळ-दूर करू शकतो, पण येथे ती शक्तीच घात करते. ताणाने दोन्ही दिशांचा केंद्रबिंदू एकदमच सरकतो, त्यांतील अंतर मिटत नाही. त्यामुळे कधी माशीच्या कडा स्वच्छ होतात, कधी डोके. दोन्ही एकदम कधीच नाही. छिद्राच्या बॅकसाइटने मात्र बराच आराम पडतो, कारण बारीक छिद्रातून किरणांची अरुंद जुडीच डोळ्यात शिरते आणि पसरण्यास वाव राहत नाही. तरीही गोल कड्यात काळे वर्तुळ बसवताना दोष असलेल्या डोळ्यास कडे अंडाकृती दिसते आणि भोवतालची पांढरी फट कोठे रुंद, कोठे अरुंद भासते. भर दुपारी बाहुली आकुंचन पावते, म्हणून तीच मुलगी दुपारी बरी नेमबाज ठरते आणि पौषातल्या धुरकट सकाळी वाईट.

आता खरी अडचण येते. वरखाली पसरलेल्या गोळ्या केवळ डोळ्यामुळे पडत नाहीत. चाप ओढताना श्वास चालू असेल तर छातीबरोबर नळी वरखाली होते आणि कागदावर तीच उभी ओळ उमटते. चाप हिसक्याने ओढला तर गोळ्या बाजूस जातात. म्हणजे अनुभवी प्रशिक्षकाने कागद पाहून ‘श्वास’ म्हणावे यात त्याची काही चूक नाही. कागद एकच साक्ष देतो. दुसरी साक्ष डोळ्याकडून घ्यावी लागते.

नववीतील एका छात्रसैनिक मुलीच्या बाबतीत असेच झाले. पॉइंट टू-टू रायफलीने २५ मीटरांवर तिच्या पाच गोळ्या नेहमी बोटभर रुंदीच्या उभ्या पट्ट्यात लागत. श्वास रोखण्याचा सराव तिने आठवडाभर मन लावून केला. पट्टा होता तसाच राहिला. आमचे लक्ष गेले ते मात्र तिच्या मराठीच्या वहीमुळे. फळ्यावरून उतरवून घेताना ती ‘भ’ च्या जागी ‘म’ आणि ‘ध’ च्या जागी ‘घ’ लिहीत असे. पुस्तकातून उतरवताना हा घोटाळा फारसा होत नसे. एके ठिकाणी तर आपल्या शहराचे तिने ‘मोपाळ’ करून टाकले होते. या अक्षरांतील भेद शिरोरेषा कोठे तुटते आणि कोठे तुटत नाही, एवढ्यावर पुष्कळसा अवलंबून असतो. देवनागरीची शिरोरेषा ही आडवी रेघ! ज्या डोळ्यास आडवी रेघ फासल्यासारखी दिसते त्यास तिच्यातील खंड कोठून दिसावा?

विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर घड्याळाच्या तबकडीसारख्या बारा रेघा मध्यापासून काढल्या आणि मुलीस वर्गाच्या शेवटच्या बाकावरून एकेक डोळा झाकून पाहण्यास सांगितले. बारा आणि सहाची रेघ ठळक, तीन आणि नवाची फिकट, असे तिने सांगितले. मग मान खांद्याकडे कलती करावयास लावली, तेव्हा ठळक रेघही मानेबरोबर कलली. श्वासाचा दोष मान कलती केल्याने कलत नाही. शेवटी पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहावयास दिले. बाराही रेघा सारख्या दिसल्या. एवढ्याने चष्म्याचा नंबर निघत नाही, हे खरे; त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडेच जावे लागते व ती गेली. पण ही परीक्षा कोणत्याही शाळेत खडूच्या एका कांडीत होते, आणि नेमबाजीच्या सरावापूर्वी ती व्हावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

चष्मा आला म्हणजे सर्व संपले असेही नाही. साध्या गोल नंबराचे भिंग चौकटीत फिरले तरी बिघडत नाही. दंडगोल भिंगाचा ‘ॲक्सिस’ मात्र अचूक राहावा लागतो. ते आपल्या जागेपासून १० अंश फिरले तर दोषाचा सुमारे एक तृतीयांश भाग परत येतो. ३० अंश फिरले तर उरणारा दोष मूळच्या दोषाएवढाच होतो, म्हणजे चष्मा असून नसल्यासारखा. नाकावरून घसरलेला, एका काडीने वाकलेला चष्मा वाचताना चालून जातो. माशीपुढे चालत नाही. शिवाय पालथे पडून नेम धरताना मान खाली असते आणि डोळा भिंगाच्या मध्यातून न पाहता वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून पाहतो. भिंगातून असे तिरपे पाहिल्याने नवेच दृष्टिवैषम्य उत्पन्न होते. म्हणूनच मोठे नेमबाज एक निराळी चौकट वापरतात. तिच्यातील एकच गोल भिंग दृष्टिरेषेस काटकोनात येईल असे हवे तसे वळवता येते.

अशी चौकट आमच्या मुलीस कोठून मिळणार? तिने चष्म्याच्या काड्यांना मागून इलॅस्टिकची पट्टी बांधली आणि रायफलीवर गाल थोडा अधिक ताठ ठेवण्याची सवय केली. पुढच्या सरावातील तिचा कागद आम्ही मुद्दाम मागून घेतला. पाच गोळ्या दाट लागल्या होत्या असे म्हणता येणार नाही; पण उभा पट्टा मोडला होता आणि भोके मध्याभोवती चारी बाजूंस पसरली होती. आता जो दोष उरला तो बोटाचा आणि चापाचा, आणि ते खाते हवालदारसाहेबांचे आहे.